खोटे बोलतो ओव्हन, बोलणी खाते सूनबाई

सकाळचा घाणा करपला, संध्याकाळचा कच्चा राहिला. पीठ तेच, तूप तेच, मळणारे हात तेच आणि ओव्हनची चकतीही दोन्ही वेळेला १८० वरच. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातल्या एका गावात महिला बचतगटाने नाचणीच्या बिस्किटांचा उद्योग सुरू केला आणि तिसऱ्याच आठवड्यात हे कोडे त्यांच्यापुढे उभे राहिले. तालुक्याच्या गावच्या एका दुकानदाराने पंचवीस किलोंची मागणी दिली होती. त्यातला अकरा किलो माल त्याने परत धाडला. काही पुडे कडू लागत होते, काही चार दिवसांत मऊ पडले होते. दिवाळीसाठी माल घ्यायचा की नाही, ते नंतर सांगतो म्हणाला.

असे झाले म्हणजे घरात काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. ओव्हनपाशी गटाच्या अध्यक्ष बाईंची धाकटी सून बसत असे. सगळ्यांची बोटे तिच्याकडे. "ध्यान नसतं हिचं, मोबाइल बघत बसती," असे सासूबाई चारचौघींत म्हणाल्या. दुसरी म्हणाली, गिरणीवाल्याने पीठ बदलले. तिसरीने तर माझ्यावरच शेकवले. "साहेब, नाचणीचं बी तुम्हीच दिलं होतं की. बी बदललं म्हणून तर नाही ना असं होत?" मला बोलावणे आले ते नाचणी तपासायला. ओव्हन तपासावा असे कोणाच्या मनात नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नव्हते. प्रशिक्षणाच्या दिवशी फळ्यावर "१८० अंश, १५ मिनिटे" असे ठळक अक्षरांत मीच लिहून दिले होते. ओव्हनवरच्या १८० वर किती विश्वास ठेवायचा, ते मात्र मी सांगितले नव्हते.

सूनबाई एवढेच म्हणाली, "साहेब, सकाळी करपतं आन् सांजच्याला कच्चं राहतं. मी घड्याळ लावूनच काढते."

या एका वाक्याने नाचणी सुटली, गिरणीवाला सुटला आणि ती स्वतःही सुटली. बियाण्यात किंवा पिठात खोट असती, तर माल दोन्ही वेळेला सारखाच बिघडला असता. पिठाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. सकाळ-संध्याकाळ बदलते ते दुसरेच काहीतरी.

शेजारच्या गावच्या बेकरीवाल्याकडून ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मागून आणला आणि वायरमनला त्याचे मीटर घेऊन बोलावले. सकाळी आठ वाजता चकती १८० वर ठेवली, तेव्हा आतला काटा १९० आणि २२२ यांच्यामध्ये खालीवर होत होता. म्हणजे सरासरी २०६ अंश. विजेचा दाब होता २२८ व्होल्ट. संध्याकाळी सात वाजता तीच चकती, तोच आकडा. पंचवीस मिनिटे झाली तरी काटा १५५ च्या पुढे सरकेना आणि ओव्हनचा लाल दिवा एकदाही विझला नाही. वायरमनच्या मीटरवर १७० व्होल्ट. एकाच ओव्हनात दोन वेगळे रोग होते आणि ते एकमेकांना झाकून टाकत होते.

चकतीवरचा आकडा म्हणजे काय?

ओटीजी म्हणून जो विजेचा लहान ओव्हन बाजारात मिळतो, तो आता पुष्कळ गावांत पोचला आहे. २०२३ हे साल आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून तर नाचणी, ज्वारी, बाजरीची बिस्किटे करू पाहणारे गट मला तालुक्या-तालुक्यांत भेटतात. ओव्हनच्या तोंडावर १०० पासून २५० पर्यंत आकडे असलेली चकती असते. आपल्याला वाटते, चकती १८० वर नेली की आत १८० अंश झाले. तसे नाही. चकती फिरवून आपण फक्त एक हद्द आखून देतो. ओव्हन त्या हद्दीपर्यंत तापला की वीज तुटावी आणि निवला की पुन्हा जोडली जावी, एवढाच तो हुकूम. हुकूम पाळणारा गडी म्हणजे थर्मोस्टॅट.

काही ओव्हनांत ही दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त पसरतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. तुमच्या घरातल्या विजेच्या इस्त्रीतही अशीच पट्टी आहे. काही ओव्हनांत द्रव भरलेली बारीक तांब्याची नळी असते आणि तिचे टोक ओव्हनच्या पोटात एका कडेला अडकवलेले असते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी. हा गडी जिथे बसला आहे तिथली उष्णता त्याला कळते, तुमची बिस्किटे जिथे आहेत तिथली नाही.

शिवाय आतली उष्णता एका जागी ठरत नाही. मोटेचे बैल जसे धावेवरून खाली उतरत आणि पुन्हा मागे येत, तशी ती वर जाते आणि खाली येते. दिवा विझला तरी तापलेली कॉइल थोडा वेळ उष्णता देतच राहते, म्हणून काटा हद्द ओलांडून वर जातो. दिवा लागला तरी कॉइल तापायला वेळ लागतो, म्हणून तो हद्दीखाली घसरतो. लहान ओव्हनात ही ये-जा पंधरा-वीस अंशांची सहज असते. तो बिघाड समजू नये. बिघाड कधी म्हणावा? त्या ये-जेची सरासरीच चकतीच्या आकड्यापासून लांब असेल तेव्हा.

विजेचा दाब

आता संध्याकाळच्या रोगाकडे वळू. दाब उतरला म्हणजे दिवा मिणमिणतो आणि पंखा रेंगाळतो, हे तुम्ही रोज पाहता. ओव्हनचे मात्र त्याहून वाईट होते. दाब निम्मा झाला तर कॉइलची उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते. २३० व्होल्टवर १५०० वॅट देणारा ओव्हन १७० व्होल्टवर जेमतेम ८२० वॅट देतो. १९० व्होल्ट असले तरी हजाराच्या थोडा वरच राहतो. थर्मोस्टॅट बिचारा दिलेल्या हद्दीची वाट पाहत बसतो, पण ती हद्द येतच नाही.

म्हणून पहिली सवय लावा ती दिव्याची. ओव्हन लावल्यावर घड्याळ पाहून दहा मिनिटांनी ट्रे आत ढकलू नका. लाल दिवा एकदा विझून पुन्हा लागून दुसऱ्यांदा विझेपर्यंत थांबा. दाब पुरेसा असेल तर हे पंधरा-वीस मिनिटांत होते. अर्धा तास झाला तरी दिवा विझतच नसेल, तर त्या वेळी घाणा लावूच नये. पीठ झाकून ठेवा. बिस्किटाचे पीठ गारव्याला चार तास थांबले तर बिघडत नाही. अर्धवट तापलेल्या ओव्हनात गेले तर हमखास बिघडते. तूप वितळून पसरते, बिस्किट चपटे होते, आतला ओलावा निघत नाही, आणि मग पावसाळी हवेत पुडा चार दिवसांत मऊ.

गावात दाब कधी चांगला असतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एकाच ट्रान्सफॉर्मरवर शेतीचे पंप चालू असतील तर त्या पाळीत ओव्हन लावू नये. संध्याकाळी सहा ते नऊ, जेव्हा साऱ्या गावाचे दिवे, टीव्ही आणि पाण्याच्या मोटारी एकदम लागतात, ती वेळ भट्टीची नव्हे.

कधी दोष गावच्या विजेचा नसून आपल्याच घरच्या तारेचा असतो. विहीर लांब असली आणि बारीक केबल टाकली की मोटार गुरगुरते पण पाणी ओढत नाही, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. ओव्हनचेही तसेच. १५०० वॅटच्या ओव्हनला साडेसहा अँपिअर वीज लागते, २००० वॅटच्याला पावणेनऊ. दिव्या-पंख्याचा लहान प्लग पाच-सहा अँपिअरचा असतो. त्यात ओव्हन लावला, वर चार हातांची एक्स्टेन्शन वायर जोडली, की वाटेतच दाब पडतो आणि वायर गरम होते. प्लगला हात लावून पाहा. तो कोमटपेक्षा जास्त तापत असेल तर ओव्हन लगेच बंद करा. ओव्हनसाठी १५ अँपिअरचा मोठा प्लग, जाड तांब्याची तार आणि चांगले अर्थिंग वायरमनकडून करून घ्या. अर्थिंगचा खर्च टाळणारे पुष्कळ पाहिले. ओव्हनचे अंग लोखंडी आहे आणि काम करणाऱ्या बाईचे हात ओले असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर ओव्हनचे वॅट सांगूनच घ्यावा. टीव्हीचा स्टॅबिलायझर ओव्हनला चालत नाही.

मोजायचे कसे?

ओव्हनमध्ये ठेवण्याचा चकतीचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. ज्या घरात बिस्किटे विकण्यासाठी होतात, तिथे तो घ्यावाच. दुधाचा काचेचा थर्मामीटर ओव्हनात घालण्याचा मोह मात्र आवरा. त्याची धाव शंभराच्या आसपास संपते. पुढे तो फुटतो आणि काच आणि आतला द्रव दोन्ही बिस्किटांत. एका ठिकाणी मी हा प्रकार होता होता थांबवला आहे.

थर्मामीटर मधल्या जाळीवर, मधोमध, जिथे बिस्किटांचा ट्रे असतो तिथे ठेवावा. भिंतीला किंवा कॉइलजवळ नको. चकती १५० वर ठेवा. दिवा दोनदा विझू द्या. मग काचेतून पाहत, दार न उघडता, काटा जास्तीत जास्त किती वर जातो आणि कमीत कमी किती खाली येतो, ते तीन फेऱ्यांपर्यंत लिहून घ्या. दोन्हींची सरासरी काढा. शाळेत जाणारे पोर घरात असेल तर हे काम त्याला द्या, आवडीने करते. हेच १६०, १८० आणि २०० वर पुन्हा करा. सगळ्याला दोन-अडीच तास आणि दोन-तीन युनिट वीज लागेल. परत आलेल्या अकरा किलोंपुढे ती काहीच नाही.

एकाच आकड्यावर मोजून थांबू नये, याचे कारण सांगतो. त्या गटाच्या ओव्हनात चकती १५० वर असताना आत १६८ होते, १६० वर १८० आणि १८० वर २०६. म्हणजे फरक कुठे १८, कुठे २०, कुठे २६. "आपला ओव्हन वीस अंश जास्त तापतो" एवढेच लक्षात ठेवून पावाच्या भट्टीला गेलात तर फसाल.

बंदुकीसारखा एक थर्मामीटर मिळतो, लांबून दाबला की आकडा दाखवतो. तो हवेची उष्णता मोजत नाही, समोरच्या वस्तूच्या पृष्ठभागाची मोजतो. चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर भलताच कमी आकडा दाखवतो, आणि काचेतून धरला तर काचेचीच उष्णता सांगतो. काळ्या ट्रेवर धरला तर बऱ्यापैकी खरे बोलतो. पण दार उघडल्याशिवाय तो वापरता येत नाही, आणि दार उघडले की आतले सगळेच बदलते.

टोचायचा थर्मामीटर असेल तर तो खरा आहे की नाही ते उकळत्या पाण्यात पाहावे. कोकणच्या किनाऱ्यावर पाणी १०० अंशाला उकळते. उंचावर मात्र कमी उष्णतेलाच उकळते, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश कमी. पुण्याला ते ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. डोंगरावरच्या बाईने थर्मामीटर ९६ दाखवतो म्हणून तो फेकून देऊ नये.

थर्मामीटर नसेल तर

साखर आहे ना घरात? मग निम्मे काम होते. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. ॲल्युमिनियमच्या कागदाची लहान वाटी करून तिच्यात चमचाभर साखर पसरा. ओव्हन १७५ वर नीट तापवून घ्या आणि वाटी मधोमध पंधरा मिनिटे ठेवा. साखर कोरडी राहिली पाहिजे. वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतो. मग नवी साखर घेऊन १९० वर पंधरा मिनिटे ठेवा. आता ती वितळली पाहिजे. दाणे तसेच राहिले तर ओव्हन कमी तापतो आहे. वितळलेली साखर अंगावर पडली तर पाण्यापेक्षा वाईट भाजते, म्हणून वाटी चिमट्याने काढा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

दुसरी परीक्षा पावाची. बेकरीतला साधा पांढरा पाव आणा, त्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या करून जाळीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मांडा आणि १८० वर रंग चढेपर्यंत ठेवा. कुठली चकती आधी तांबूस झाली, कुठली पांढरी राहिली, यावरून ओव्हनच्या पोटातला नकाशा दिसतो. बहुतेक लहान ओव्हनांत दाराजवळची ओळ गार आणि मागची कडक असते. ओव्हन सारखा तापत नसेल तर अर्ध्या वेळेला ट्रे फिरवून घ्यावा. एवढे पुरे होते.

बिघाड कुठे शोधावा?

सगळ्यात आधी चकतीच हलवून पाहा. पुष्कळदा थर्मोस्टॅट ठीक असतो, पण प्लास्टिकची चकती दांडीवर ढिली होऊन फिरलेली असते. चकती बंदवर नेली की खूण नेमकी बंदच्या रेघेवर आली पाहिजे. दोन बोटे पुढे-मागे असेल तर रोग सापडला. चकती ओढून काढून नीट बसवली की काम झाले. एका आजींच्या ओव्हनाला मिस्त्रीने नवा थर्मोस्टॅट घालायचा सांगितला होता. दोष एवढाच निघाला.

मग दार. वहीच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारी बाजूंना ती थोडी अडकली पाहिजे. एखाद्या बाजूने सरळ निघून आली तर तिथून उष्णता पळते. बिजागरीची स्प्रिंग सैल झालेली असते किंवा कडेला जुने पीठ आणि तूप साचून खडे झालेले असतात. गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मग कॉइल. वरच्या आणि खालच्या दोन्ही कॉइल चालू होतात का, ते अंधारात पाहा. कळ "खालून", "वरून" आणि "दोन्हीकडून" अशी तीन ठिकाणी फिरते आणि ती चुकून एकीकडे राहिली तर ओव्हन अर्धाच चालतो. आपल्या आज्या तवशाचे धोंडस करीत तेव्हा पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे ठेवत. वरचे निखारे विसरले तर धोंडस वरून पांढरे. ओव्हनचा हिशोब त्याहून निराळा नाही.

खालच्या कॉइलवर किंवा तळाला ॲल्युमिनियमचा कागद अंथरण्याची खोड काहींना असते, तुकडे पडू नयेत म्हणून. असा कागद उष्णता उलटी फेकतो, तळ जास्त तापतो आणि थर्मोस्टॅटला भलताच अंदाज येतो. तळाच्या तुकड्यांसाठी ओव्हनबरोबर पत्र्याची तबकडी मिळते, तीच वापरावी. आत तांब्याची नळी दिसत असेल तर ती तिच्या खुंटीत आहे ना आणि भिंतीला टेकली नाही ना, तेवढे पाहावे. ती वाकवू नये. आणि हे सगळे प्लग काढून, ओव्हन गार झाल्यावर.

एवढे करूनही फरक चाळीस-पन्नास अंशांचा राहिला, किंवा एका दिवशी एक आकडा आणि दुसऱ्या दिवशी भलताच येऊ लागला, तर थर्मोस्टॅट गेला असे समजावे. मिस्त्रीकडे जाताना मोजलेल्या आकड्यांची चिठ्ठी बरोबर न्या. "बिस्किटं करपतात" म्हटले तर तो म्हणतो, "ताई, ध्यान ठेवा." "१८० वर २३० होतात आणि १५० वर २०५" म्हटले तर गुपचूप पेचकस काढतो. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर ओव्हन कोणाकडूनही उघडून घेऊ नका. पावती आणि चिठ्ठी दोन्ही दुकानदारापुढे ठेवा.

आपल्याच हातच्या चुका

मोबाइलवर पाहून पदार्थ करणाऱ्यांना एक सांगायचे आहे. परदेशी कृतींत ३५० लिहिलेले असते. ते फॅरनहाइट असते, म्हणजे आपले १७७. एका घरी मी गेलो तेव्हा २५० च्या शेवटच्या रेघेवर चकती ताणून ठेवली होती. घरधनीण म्हणाली, "साहेब, तीनशेपन्नास हाय त्यात, आमच्या ओव्हनात तेवढं येतच नाही." केक वरून कोळसा आणि आतून पिठले झाला होता. हसू आवरून मी आकडा बदलून दिला. ओव्हनात पंखा असेल तर कृतीतल्या आकड्यातून आणखी वीस अंश वजा करावेत, कारण फिरती हवा लवकर भाजते.

दार सारखे उघडून पाहण्याची सवय सोडा. त्या गटाच्या ओव्हनात मी घड्याळ लावून पाहिले. दार जेमतेम अर्धा मिनिट उघडे राहिले आणि काटा १७८ वरून १४५ वर आला. पुन्हा वर चढायला पाच मिनिटे लागली. तीनदा डोकावले तर पंधरा मिनिटांच्या भाजणीत राहिले काय? ट्रे भिंतीला भिडेल एवढा मोठा घेऊ नये. चारी बाजूंना बोटभर जागा हवी, नाहीतर खालची उष्णता खाली आणि वरची वर राहते. काळा ट्रे बिस्किटाचा तळ लवकर लाल करतो, चकचकीत ट्रे उशिरा. ट्रे बदलला तर वेळही बदलेल. "कालपर्यंत बरा होता, आज काय झालं" असे वाटले तर आधी ट्रे आठवावा.

नाचणीचा रंग फसवतो

मैद्याची नानकटाई असेल तर ओव्हन थोडा चुकला तरी डोळा सावरून घेतो. कडा बदामी झाल्या की बाई ट्रे काढते. नाचणीचे पीठ मुळातच तांबूस. कच्चे बिस्किटही तांबूस आणि पक्केही तांबूस. करपायला लागले तरी जरा काळसर एवढेच दिसते, आणि तोवर कडवटपणा आलेला असतो. म्हणून मैद्यापेक्षा नाचणीला खऱ्या उष्णतेची गरज जास्त, आणि ती सूनबाई दोषी नव्हती, याचे कारणही हेच. तिच्याकडे रंग ही खूणच नव्हती. तिने घड्याळावर विश्वास ठेवला, घड्याळाने चकतीवर.

नाचणीचे बिस्किट पाहायचे ते तळाकडून. एक उचलून उलटे करा. तळ कोरडा आणि वरच्यापेक्षा किंचित गडद हवा. तुपाचा ओला डाग दिसला तर आणखी दोन-तीन मिनिटे. मग एक बिस्किट पूर्ण निवू द्या आणि मोडा. कट्‌कन मोडले पाहिजे. गरम असताना सगळीच बिस्किटे मऊ लागतात, तेव्हा मोडून निकाल देऊ नये. ओव्हनच्या आतले खरे तपमान १६० ते १७० च्या दरम्यान ठेवले आणि वेळ तीन-चार मिनिटे वाढवली, तर नाचणी १८० पेक्षा बरी भाजते, असा माझा आता अनुभव आहे. फळ्यावरचा माझा १८० मी स्वतः पुसला आहे. केकला १७० ते १८०, पावाला २०० ते २२०. हे सगळे आकडे आतले, चकतीवरचे नव्हेत.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही आणि कढईत वाळू किंवा मीठ तापवून वर झाकण ठेवून भाजतात, त्यांनाही साखरेची परीक्षा उपयोगी पडते. वाळू किती वेळ, कुठल्या आचेवर तापवली म्हणजे साखर वितळते, ते एकदा पाहून ठेवावे.

त्या गटाने काय केले, ते सांगतो. आतले १६८ म्हणजे चकतीवरचे १५०, तेव्हा तिथे सूनबाईने आपल्या लाल नेलपॉलिशने ठिपका दिला. भाजणीची वेळ सकाळी सहा ते दहा ठरली. ओव्हनसाठी वेगळी तार ओढली. करपलेला माल शेळ्यांना गेला. दुकानदाराने दिवाळीला पंधरा किलोंची मागणी दिली, पंचवीसची दिली नाही. एकदा तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पंधराही किलो विकले गेले आणि एकही पुडा परत आला नाही. सासूबाईंनी सुनेला काही म्हटले नाही. पण चकतीचा आकडा आणि आतला आकडा असा दोन ओळींचा तक्ता आम्ही केला, तो भिंतीला चिकटवायला वाटीत भाताची शिते घेऊन त्याच आल्या.

तुम्हीही असा तक्ता करा, पण शाईने लिहू नका, पेन्सिलीने लिहा. ओव्हन खोलून दुरुस्त केला, घर बदलले किंवा तार बदलली की पुन्हा मोजा. एरवी सहा महिन्यांतून एकदा मोजले तरी चालते, एकदा पावसाळा संपताना आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडाला. आणि तो थर्मामीटर गटातल्या गटात फिरता ठेवा. बेकरीवाल्याचा मी त्याला परत केला आहे.